बंडप्पांचं तट्टू माणूस ओळखतं

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बाजाररस्त्यावर बंडप्पांचं भुसार मालाचं दुकान आहे आणि त्याच्या अगदी समोर माझं शिलाईचं. मध्ये डांबरी रस्ता, एक उघडी नाली आणि त्यांच्या दुकानापुढच्या कडुनिंबाला बांधलेलं एक तट्टू. हे तट्टू मला दोनदा चावलं आहे, म्हणजे बंडप्पांच्या लेखी मी दोनदा चोर ठरलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मी रागानं सांगतोय असं तुम्हाला वाटेल. रागानंच सांगतोय, पण त्यात खोटं काही नाही.

बंडप्पा म्हणजे सडसडीत अंगाचा म्हातारा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, पांढरं धोतर आणि पांढरी बंडी. बंडी मीच शिवतो. तिला बाहेरून दोन खिसे आणि आतून एक, डाव्या बाजूला. आतला खिसा शिवून झाला की त्यात बोटं घालून ते शिवण ओढून बघत, मग माझ्याकडे बघत, मग पुन्हा शिवण ओढत. उरलेलं कापड मागून घेत. तळहाताएवढी चिंधी उरली तरी घडी घालून घरी नेत. त्या चिंधीचं ते काय करतात, हा संशय मला आजही आहे.

संशय हा त्यांच्या धंद्याचा भागच होता, आणि धंद्याला तो लागतोही, हे मी नाकारत नाही. शेतकरी पोत्याच्या तोंडाशी चांगलं सोयाबीन ठेवतो आणि तळाला काय ठेवतो ते त्यालाच माहीत. बंडप्पा पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, तळातून मूठभर दाणे काढत, त्यातला एक दाढेखाली धरत आणि डोळे मिटत. कट्‌कन आवाज आला की माल वाळलेला. दाणा नुसता दबला की ओला. दुकानात ओलावा मोजायचं यंत्र होतं, ते त्यांच्या मुलीनं आग्रहानं आणायला लावलेलं. बंडप्पा आधी दाणा चावत, मग यंत्र बघत, आणि दोघांचं जमलं नाही की यंत्र बिघडलंय म्हणत.

पण हा संशय दुकानात थांबला असता तर बंडप्पा कसले! पाहुणा आला की का आला, आणि नाही आला की का नाही आला. माझ्या दुकानात नवी मशीन आली तेव्हा त्यांनी रस्त्यापलीकडून विचारलं होतं, "बालाजी, एवढं काम कुठनं यायलंय रे तुज्याकडं?"

अशा माणसाकडे ते तट्टू फुकट आलं. दरवर्षी सुगी झाली की गावाबाहेरच्या त्यांच्या रानात एक धनगर मेंढ्या बसवायचा. रानाला खत मिळायचं, धनगराला ज्वारी. त्याचा सगळा संसार तट्टांच्या पाठीवर असायचा, भांडीकुंडी, कोंबड्या, वर एखादं लेकरू. एका वर्षी त्याचं एक शिंगरू कुंपणाच्या तारेत अडकलं आणि त्याचा मागचा पाय सोलून निघाला. धनगराला पुढं जायचं होतं. तो म्हणाला, "आप्पा, ठिवून घ्या. जगलं तर तुमचं."

फुकट म्हटल्यावर बंडप्पांच्या अंगावर काटाच आला. ह्यात खोड असणार, नाहीतर धनगर जनावर सोडून जाईल का? त्यांनी मला बोलावून घेतलं. मी त्याचा कान धरून उभा राहिलो आणि बंडप्पांनी त्याचे दात बघितले, खूर बघितले, मग अंगावरचा एकेक भोवरा शोधून काढला. घोड्याच्या अंगावर केसांचा भोवरा वाईट जागी असला तर ते घराला लाभत नाही म्हणतात. तसला एकही भोवरा निघाला नाही. बंडप्पांचं तोंड आणखी उतरलं. "दिसंना म्हंजी आत हाय खोड," ते म्हणाले.

तरी ठेवून घेतलं. पायाला हळद-तेल, पोटाला बाजरीचं पीठ आणि गूळ असं करत त्यांनी ते जगवलं. पाय बरा झाला, चालताना जरासं झुकायचं तेवढंच राहिलं. कामाचं म्हणाल तर शून्य. ओझं वाहत नव्हतं, गाडीला जुंपता येत नव्हतं. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजत-गाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. लोक म्हणायचे, परण्याला द्या की भाड्यानं. बंडप्पा म्हणायचे, "कोण कसा बसंल त्याचा काय भरवसा?" ते बांधलेलंच राहायचं, खायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचं.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बंडप्पा तट्टाजवळ जात. रस्त्याकडे पाठ करून उभे राहत, आणि कानडीत काहीतरी बोलत. त्यांची आई आळंदकडची, त्यामुळं कानडी त्यांना येतं, पण एरवी ते कधी बोलत नसत. "बा मरी, बा." मला कानडीचं अक्षर कळत नाही. मला दिसायची ती फक्त त्यांची पाठ आणि बंडीत गेलेला हात. काय बोलत असतील? माझ्याबद्दल तर नसेल? हा माणूस जनावराला काहीतरी शिकवतोय, असं माझं मत झालं. बा मरी म्हणजे ये पिल्ला, हे मला लई उशिरा कळलं.

तट्टू पहिल्यांदा चावलं ते आण्णासाहेबांना. आण्णासाहेब मोठे बागायतदार, सोयाबीनचा ट्रॅक्टर घेऊन आलेले. कडुनिंबाखाली उभं राहून त्यांनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली, आणि तट्टानं मान लांब करून त्यांच्या मनगटाचा चावा घेतला. आण्णासाहेबांनी जी आरडाओरड केली ती ऐकून सगळा बाजार गोळा झाला. बंडप्पांनी हळद आणून लावली, माफी मागितली. पण त्यांच्या डोळ्यांत वेगळंच काही चाललं होतं, ते मी बघत होतो. त्यांनी हमालांना सांगितलं, "सगळी पोती वता."

एरवी आण्णासाहेबांसारख्याचा माल ते दोन-चार पोती बघून घेत. त्या दिवशी सगळा ओतला. मधल्या पोत्यांत भिजून काळं पडलेलं सोयाबीन निघालं. आण्णासाहेब म्हणाले, ताडपत्री फाटली होती, मला ठाऊक नव्हतं. असेलही. पण बंडप्पांनी तट्टाकडे असं बघितलं, जसं आपण परीक्षेत पहिला आलेल्या पोराकडे बघतो. संध्याकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "बालाजी, म्या दाणा चावून माल वळखतो. ते माणूस चावून वळखतंय."

मी हसलो. बंडप्पा हसले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ते मला चावलं. मी नव्या बंडीचं माप घ्यायला गेलो होतो, खिशातून टेप काढत होतो, तेवढ्यात कोपराच्या वर त्याचे दात रुतले. मी ओरडलो. बंडप्पा बाहेर आले, माझ्या दंडाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. त्या दिवसापासून ते कापड आणताना स्वतः वीत-वीत मोजून आणायला लागले. दुसऱ्यांदा चावलं तेव्हा मी खिशातून खडू काढत होतो. तेव्हा तर त्यांनी नुसती मान हलवली, जणू काही उरलंसुरलं तेही कळलं.

ज्याच्या मालात खोट निघाली त्याचा चावा ते लक्षात ठेवत. ज्याच्या मालात काहीच निघालं नाही, त्याच्याबद्दल म्हणत, "अजून सापडलं न्हाय, एवढंच." असं म्हटल्यावर तट्टू कधी चुकणार? लोकही काही कमी नव्हते. दोघा भावांचं बांधावरून भांडण होतं, तर त्यातला एकजण दुसऱ्याला ओढत घेऊन आला, ह्याला तट्टापुढं उभा करा म्हणून! सरकारी दवाखान्यातली नर्स जखम बघून आता विचारायचीच, "बंडप्पाचं का?" आणि वर गालात हसायची. दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाकडे गाव चार दिवस वाकड्या नजरेनं बघायचं. मीही बघायचो. मला चावलं ते उगाच, पण त्याला चावलं त्यात काहीतरी असेल, असं मलाही वाटायचं, हे मान्य करतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्यात शुभांगीचं लग्न अडकलं.

शुभांगी बंडप्पांची एकुलती एक मुलगी. मला बालाजीकाका म्हणते. धाराशिवला शिकून आली आणि वडिलांच्या दुकानात काट्याजवळच्या खुर्चीवर बसायला लागली. ओलाव्याचं यंत्र तिनंच आणायला लावलेलं. बंडप्पा दाणा चावून आकडा सांगत, ती यंत्रातला आकडा वाचून दाखवे, आणि मग दोघं वाद घालत. तो वाद ऐकायला मला आवडायचं. बंडप्पा जगात कुणापुढं हरत असतील तर तिच्यापुढं, आणि हरल्यावर त्यांच्या तोंडावर जो आनंद असायचा तो मी दुसऱ्या कुठल्या वेळी पाहिला नाही.

तिनं एक दिवस घरात शिवानंदचं नाव काढलं. शिवानंद धाराशिवच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळेत कामाला. तिथलीच ओळख. मुलगा त्यांच्यातलाच लिंगायत, सरळ, आई-वडील नाहीत, काका शंभुलिंग यांनी वाढवलेला. त्या काकांचं धाराशिवला भांड्यांचं दुकान. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि बंडप्पांना नेमकी तीच गोष्ट खटकली. "एवढं चांगलं पोरगं आजून मोकळं कसं?" ते मला विचारत होते.

काका-पुतणे दुकानामागच्या बंडप्पांच्या घरी मुलगी बघायला आले. शिवानंदच्या अंगात पांढरा सदरा होता. बंडप्पा दाराबाहेर येऊन हात जोडून "शरणार्थी" म्हणाले, काकांना हाताला धरून आत नेऊ लागले. शिवानंद मागे राहिला आणि कौतुकानं तट्टाच्या मानेवरून हात फिरवायला लागला. तट्टू गप्प उभं होतं. तेवढ्यात त्याच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं बंद करायला खिशात हात घातला, आणि हात बाहेर आला तसा तट्टानं तो पकडला.

पांढऱ्या बाहीवर रक्त पसरलं. दारात शुभांगी उभी होती. ती धावली ती थेट त्याच्याकडे, कोण बघतंय ह्याचा विचार न करता, आणि आपल्या ओढणीनं त्याचा हात बांधला. बंडप्पा दोघांकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांना चाव्यापेक्षा ती ओढणी जास्त लागली.

पाहुण्यांना पोहे दिले, चहा दिला, "कळवतो" म्हणाले. पाहुणे गेल्यावर रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"पाह्यलंस?"

"पोरगं चांगलं हाय, आप्पा," मी म्हणालो. "एवढं चावलं तरी तोंडातनं शिवी न्हाय काढली त्यानं."

"तेच तर. माणसाला चावल्यावर माणूस वरडतो. ह्यो का वरडला न्हाय?"

"जनावर हाय ते. चावतंय."

"तुला चांगलंच वाटणार ते पोरगं," बंडप्पा उठत म्हणाले. "तुला बी चावलंय."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका राग आला. स्वतःसाठी नाही, मला सवय झाली होती. पण त्या पोरीनं काय केलं होतं?

धाराशिवला नकार गेला. शुभांगी रडली नाही, भांडली नाही. "शिवानंदशी न्हाय तर कुणाशीच न्हाय," एवढं एकदाच म्हणाली आणि वडिलांशी बोलायचं बंद केलं. ताट वाढायची आणि आत जायची. काट्याजवळची खुर्ची रिकामी राहिली. बंडप्पा दाणा चावायचे, आकडा सांगायचे आणि सवयीनं खुर्चीकडे बघायचे. यंत्र धूळ खात पडलेलं. मला समोरून ते बघवत नव्हतं. वाटायचं, जावं आणि त्या तट्टाचा दोर कापून टाकावा.

अशात एका संध्याकाळी बंडप्पांच्या पत्नी, उमाकाकू, माझ्या दुकानात आल्या. पदराखाली बंडी. बंडप्पा रोज दुकान बंद केलं की बंडी खुंटीला अडकवतात, हातपाय धुऊन लिंगपूजेला बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बंडी घालून बाहेर पडतात. पूजा होईपर्यंत काकूंना वेळ होता.

"बालाजी, ह्यांचं काय चाललंय मला कळंना," काकू म्हणाल्या. "डाक्टरनं गोड बंद केलंय. तरी साखर उतरंना. आन बंडीला रोज मुंग्या." त्यांनी आतल्या खिशात हात घालून गुळाचा चांगला सुपारीएवढा खडा काढून माझ्यापुढं ठेवला. "हे बघ. चोरून खात्यात. ह्या वयात! खिसाच शिवून टाक. त्यास्नी सांगू नगंस."

मी खिसा उलटा केला. आत गूळ चिकटून काळा झालेला. खिशाची कड चावून पार चोथा झालेली, आणि तो उंदराचा कारभार नव्हता. उंदीर भोक पाडतो. इथं कापड दाबून ओढलेलं होतं, दोरे लोंबत होते. आणि त्या चिकट कडेला तीन-चार आखूड, तांबूस केस.

मी त्या केसांकडे बघतच राहिलो. रोज सकाळची ती पाठ आठवली, बंडीत जाणारा हात आठवला. मग आण्णासाहेबांची तंबाखूची पिशवी, माझा टेप, माझा खडू, शिवानंदचा फोन. खिशात हात गेला की गूळ येणार, हे बंडप्पांनी त्याला रोज, आदल्या संध्याकाळीच खिशात टाकलेल्या खड्यानं, शिकवलं होतं. आणि हात गुळाशिवाय बाहेर आला की चावायचं, हे ते आपलं आपण शिकलं होतं. एवढंच होतं सगळं. एका गुळाच्या खड्यापायी अर्धं गाव चोर ठरलं होतं आणि एक पोरगी घरात मुकी होऊन बसली होती.

"काकू," मी म्हणालो, "आप्पा गूळ खात नसतील. तट्टाला देत असतील."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच गूळ चोरलाय. "हे? फुकट? आरं, गिऱ्हाइकाच्या लेकराला कदी गुळाचा खडा दिला न्हाय ह्यांनी. तुला सांगून ठिवलंय व्हय त्यांनी, असं बोल म्हणून?"

असल्या संशयी नवऱ्याबरोबर इतकी वर्षं संसार केल्यावर दुसरं काय होणार? मी मशीन पुढं ओढली आणि खिसा शिवला, साधी नाही, दुहेरी टीप घातली. शिवताना मला बरं वाटत होतं. आता उद्या काय होतंय ते मला बघायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर दुकान उघडलं. नेहमीसारखे बंडप्पा अंघोळ करून, विभूती लावून, ती बंडी घालून बाहेर आले आणि तट्टाकडे निघाले. तेवढ्यात पहिल्या एसटीनं उतरलेले शंभुलिंगकाका रस्त्यानं चालत आले. एकटेच होते. बंडप्पा जागीच थांबले. हमाल पोत्यांवर बसले होते, दोन शेतकरी माल घेऊन आलेले होते. मीही टेप गळ्यात टाकून रस्ता ओलांडला.

"बंडप्पा, आत येत न्हाय," शंभुलिंगकाका म्हणाले. "एकच इचारायला आलोय. पोराचा गुना काय, ते सांगा. कुणी काय सांगितलं असंल तर सांगा, म्या कान धरून त्याला इथं उभा करतो."

"कुणी काय सांगितलं न्हाय."

"मग?"

बंडप्पांनी तट्टाकडे बोट केलं. "ह्यानं सांगितलं. हे खोट्या माणसालाच चावतंय. गावाला इचारा."

शंभुलिंगकाका चिडतील असं मला वाटलं होतं. पण ते शांतपणे म्हणाले, "बरं. तुमाला चावलंय का कदी?"

"मला? मला कशाला चावंल?"

"मग उभं ऱ्हावा की त्याच्या म्होरं. आमच्या पोराला दहा माणसांत उभा केला तुमी. तुमी बी ऱ्हावा."

हमाल उठून उभे राहिले. दारात उमाकाकू आल्या, त्यांच्या मागं शुभांगी. बंडप्पा हसले. मनापासून हसले, कारण त्यांना खात्री होती. रोज सकाळी जसे जात तसेच ते चालत तट्टासमोर जाऊन उभे राहिले. तट्टानं कान पुढं केले, नाकपुड्या फुलवल्या. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं बंडप्पांचा हात आपोआप बंडीच्या आत गेला.

हात तिथं चाचपडला. खिशाचं तोंड सापडेना. बोटं माझ्या दुहेरी टिपेवरून पुढं गेली, मागं आली. हात रिकामा बाहेर आला, आणि तट्टानं तो करकचून धरला.

बंडप्पा ओरडले नाहीत. हमालांनी तट्टाच्या नाकाडावर मारून हात सोडवला. अंगठ्याखालून रक्त गळत होतं. एक हमाल फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. सगळ्यांच्या नजरेत तोच प्रश्न, जो इतके दिवस बंडप्पांच्या नजरेत असायचा. काय केलंस तू?

बंडप्पांनी चांगल्या हातानं बंडीवरून खिसा चाचपला. मग मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेली. मला वाटलं, आता माझं नाव घेणार, काकूंचं नाव घेणार, रस्त्यावर तमाशा होणार.

ते मागं सरकून पोत्यावर बसले.

"बरुबर चावलं," ते म्हणाले.

शंभुलिंगकाका पुढं झाले, "अवो, म्या आपलं बोलायला बोललो. रगत बघा आदी."

"न्हाय, आयका. पोराला चावलं तवा मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. पोरात काय खोट न्हवती, ते मला त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं व्हतं. दुसरा कुणी आला असता तरी म्या खोट काढली असती. तिसरा आला असता तरी काढली असती." ते काट्याजवळच्या खुर्चीकडे बघत होते. "ती गेल्यावर म्या कुणाशी भांडू? हे पाप व्हतं माज्या मनात. आन त्याचा बोभाटा पोराच्या नावावर केला."

शुभांगी हळदीची वाटी घेऊन बाहेर आली. वडिलांपुढं मांडी घालून बसली आणि जखमेवर हळद दाबली. जरा जोरातच दाबली.

"आई गं," बंडप्पा म्हणाले.

"आप्पा, गप बसा," ती म्हणाली. किती दिवसांनी तिनं त्यांना हाक मारली होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते हळदीमुळं नव्हतं. माझंही तोंड बघण्यासारखं झालं असणार, म्हणून मी माझ्या दुकानात जाऊन बसलो.

लग्न वाशीलाच झालं. शिवानंदचे कपडे मी शिवले, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याला सांगून टाकलं की खिसा ठेवणार नाही. परण्याला त्या तट्टावर बसायचा हट्ट त्यानंच धरला. लोक चार हात लांबून चालत होते. बंडप्पा लगाम धरून पुढं होते आणि मध्येच मागं वळून जावयाचे हात कुठं आहेत ते बघत होते.

शुभांगी धाराशिवला गेली. त्यानंतर काही दिवसांनी बंडप्पा माझ्या दुकानात आले. हातात तीच बंडी. तिची घडी माझ्यापुढं टाकून म्हणाले, "खिसा उसव."

मी कात्री घेतली. दुहेरी टीप, उसवायला वेळ लागला. ते समोर उभे राहून प्रत्येक टाका बघत होते.

"टीप चांगली घातलीस," ते म्हणाले.

शेवटचा टाका कापून मी वर बघितलं. "आप्पा, म्हंजी तुमाला ठावं व्हतं, ते का चावलं ते?"

"हात आत शिरला न्हाय, तवाच कळलं. आण्णासायबाला का चावलं, तुला का चावलं, त्या पोराला का चावलं. सगळं एका दमात कळलं."

"मग गुळाचंच सांगायचं ना सरळ! चार लोकांत मनात पाप हाय म्हणून कशाला सांगितलंत?"

बंडप्पांनी बंडी माझ्या हातातून घेतली, तिथंच अंगात घातली, आतल्या खिशात बोटं घालून शिवण ओढून बघितली.

"मग ते काय खोटं व्हतं?" ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून तट्टाकडे गेले.